गावाचा इतिहास गावाच्या तोंडून
(बडोदे येथील मराठी मंडळींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलावयाचा विषय असा की, आपल्या गावाचा इतिहास गावातल्याच माणसांनी नभोवाणीवरून आणि हल्ली ज्याला पॉडकास्ट म्हणतात त्या साधनाने एकमेकांना कसा सांगावा. विषय ऐकताच पुष्कळांच्या मनात येईल की, बडोद्याचा इतिहास काय कमी लिहिला गेला आहे? श्रीमंत सयाजीराव महाराजांवर मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत इतके ग्रंथ झाले आहेत की, त्यांचे एक वेगळे कपाट व्हावे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत याच संस्थानच्या चाकरीत होते आणि राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांनी महाराष्ट्राला इतिहास शिकवला. राजवाड्याचा इतिहास येथे भरपूर आहे, याबद्दल आमची यत्किंचितही तक्रार नाही.

परंतु बडोदे म्हणजे केवळ राजवाडा नव्हे. लक्ष्मीविलास १८९० साली उभा राहिला, हे शाळेतले पोर सांगेल. पण आजव्याच्या तलावाचे पाणी पहिल्यांदा वाड्यातल्या नळाला आले तेव्हा घरातल्या बायकांची पहाट कशी बदलली, हे कोणत्या ग्रंथात आहे? रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या, बाबाजीपुऱ्यातल्या कुटुंबांत १ मे १९४९ च्या दिवशी काय बोलणे झाले? त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, ही ओळ पुस्तकात आहे. आपल्या आजोबांची नोकरी राहील की जाईल, पेन्शन कोण देईल, मुलाला आता कोणत्या भाषेच्या शाळेत घालावे, हा ओळीखालचा मजकूर मात्र लिहिलेला नाही. तो माणसांच्या आठवणीत आहे. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले पोर आज पंचाऐंशीच्या पुढे गेले आहे. तेव्हा हा विषय हौसेचा नाही, मुदतीचा आहे. आणि मुदत आम्ही ठरवलेली नाही.

आता नभोवाणी आणि बडोदे यांचा संबंध पाहा. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारत सरकारच्या ताब्यात अवघी सहा आकाशवाणी केंद्रे होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. त्यांच्याखेरीज पाच केंद्रे संस्थानांनी स्वतः चालवलेली होती. म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, आमचे मराठवाड्यातले औरंगाबाद आणि पाचवे बडोदे. ‘आकाशवाणी’ हा शब्दच मुळी सरकारी कचेरीत जन्मला नाही. म्हैसूरच्या एका प्राध्यापकाने, गोपालस्वामी यांनी, १९३५ साली आपल्या घरी खासगी केंद्र काढले, त्या केंद्राचे हे नाव. दिल्लीने ते मागाहून उचलले. म्हणजे आपापल्या गावाने आपल्या आवाजात बोलावे ही कल्पना काही परदेशातून आणलेली नवी टूम नाही. बडोद्याने ती संस्थानी काळातच अंमलात आणली होती. १९४८ साली हे केंद्र अखिल भारतीय नभोवाणीने आपल्या हाती घेतले. पुढच्याच वर्षी अहमदाबादला केंद्र निघाले आणि बडोद्याचे गावकेंद्र हे प्रांताच्या व्यवस्थेचा एक भाग झाले. प्रांताला त्याने लाभच झाला. पण गाव आपल्याशी बोलत होते, ते सर्वांशी बोलू लागले. आणि सर्वांशी बोलताना घरची गोष्ट मागे राहते, हा नियमच आहे.

आवाज जपला म्हणजे काय मिळते, याचे उदाहरण शोधावयास बडोद्याबाहेर जावयाचे कारण नाही. आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाझ खाँ हे या दरबारचे गवई. त्यांचे देहावसान ५ नोव्हेंबर १९५० रोजी याच गावी झाले. त्यांच्या गाण्याचा जो ठेवा आज आपल्या कानी पडतो, त्यात ग्रामोफोनच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आहेतच. पण त्यांची आलापी, तिचा ऐसपैस विस्तार, हे सारे आपल्याला कळते ते नभोवाणीने करून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांवरून. २००२ च्या दंगलीत या गावातल्या त्यांच्या कबरीची नासधूस झाली. दगडाला इजा पोहोचवता आली, आवाजाला नाही. ज्या गावाने त्यांना मान दिला त्याच गावात हे घडले, हेही बडोद्याच्या इतिहासाचेच एक पान आहे; आणि जो कोणी उद्या बडोद्याचा इतिहास ऐकवावयास बसेल त्याने ते पान चिकटवून टाकू नये, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

याउलट मौलाबक्षांचे पाहा. १८८६ साली त्यांनी येथे गायनशाळा काढली. सर्वसामान्यांच्या मुलांना गाणे वर्गात बसून शिकता यावे, यासाठी स्वरलिपी रचली. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती या गावी; तिच्यामागे या शाळेचीच पुण्याई होती. पण मौलाबक्ष १८९६ साली गेले आणि त्यांचा गळा कसा होता हे सांगणारा आज कोणीही नाही. त्यांचे नातू इनायत खाँ १८८२ साली येथेच जन्मले आणि १९१० साली सूफी विचार घेऊन पश्चिमेस गेले. त्यांचे नाव युरोपात जितके घेतले जाते तितके बडोद्यात घेतले जाते काय? ज्या गल्लीत ते वाढले त्या गल्लीतल्या पोरांना विचारून पाहावे.

कोणी म्हणेल, ही सारी मोठ्या माणसांची नावे झाली. खरे आहे. म्हणून आता अशा एका गोष्टीकडे वळतो, जी मोठ्या माणसाची आहे आणि तरीही गावातल्या अगदी लहान माणसांचीही आहे. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची अट पुरी करावयास येथे नोकरीला आले. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून आलेल्या या पंडिताला बडोद्यात भाड्याने खोली मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून ते राहिले; तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना हुसकून काढले. कामाठी बागेत ते संध्याकाळपर्यंत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परत गेले. ही हकीकत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली म्हणून आपणांस माहीत आहे. ती बाग म्हणजे आजची सयाजीबाग. २३ सप्टेंबरला दरसाल शेकडो कुटुंबे तेथे संकल्पभूमीवर जमतात. ज्या संस्थानाने १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, ज्याने त्यांना शिष्यवृत्ती दिली, त्याच संस्थानच्या राजधानीत खोली मिळाली नाही. राजाची इच्छा आणि गावाची रीत यांत केवढे अंतर होते, ते या एका प्रसंगावरून कळते. राजाच्या इच्छेचे कागद दप्तरात आहेत. गावाच्या रीतीचे कागद कोठे आहेत? ते दलित वस्त्यांतल्या आजीआजोबांनी आपापल्या आईबापांकडून ऐकले आहेत. विहिरीचे, देवळाचे, शाळेतल्या वेगळ्या बाकांचे. आणि ज्यांनी खोल्या नाकारल्या त्यांच्याही घरांत काही बोलले गेले असेल. दोन्ही ऐकावयास हवे. भगवंतराव पाळेकरांनी १९१७ सालीच या गावातून ‘जागृति’ पत्र सुरू केले आणि बहुजनांची बाजू तीसएक वर्षे मांडली. पाळेकरांच्या पत्राच्या फायली कोणी तरी जपल्या. ते पत्र चावडीवर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांचे काय झाले, हे कोणी विचारलेले नाही.

आमच्या या पानाचा वाचक सीमेचा प्रश्न रात्रंदिवस उराशी बाळगणारा आहे. तो विचारील, बडोद्याचे आम्हांला काय? बडोद्याचा सीमेशी तंटा नाही आणि आम्ही तो उकरूनही काढीत नाही. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, बडोदे गुजरातेत राहिले आणि ते तेथेच शोभते. येथला मराठी माणूस दोन-अडीचशे वर्षे गुजराती शेजाऱ्याच्या ओसरीला ओसरी लावून राहिला आहे. पण एक गोष्ट बेळगाव-निपाणीच्या वाचकाने येथून घेण्यासारखी आहे. येथल्या मराठीला १९४९ पूर्वी राजाचा आधार होता. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने या गावात भरली. त्यांनंतरचे संमेलन भरावयास २०१८ साल उजाडले. मधल्या ८४ वर्षांत भाषा घरात होती, उत्सवात होती, भजनात होती. व्यासपीठावर मात्र क्वचितच. सरकार जिच्या पाठीशी उभे नाही त्या भाषेने स्वतःचे व्यासपीठ स्वतः बांधावे लागते. ते विटांचेच असावे असे नाही.

ते बांधावयाचा अधिकार आपल्याला कायद्याने दिला आहे, आणि तो देण्यात एका मराठी न्यायमूर्तीचा मोठा वाटा आहे. क्रिकेटचे सामने दूरदर्शनखेरीज इतरांनी दाखवावेत की नाही, या वरकरणी क्षुल्लक वादातून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नव्हे, धनिकांचीही नव्हे, जनतेची. त्यानंतर सात वर्षे गेली तेव्हा २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना आपले लहान नभोवाणी केंद्र काढण्याची मुभा मिळाली. २००४ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र बोलू लागले. २००६ साली सेवाभावी संस्थांनाही दार उघडले. आज देशात अशी केंद्रे पाचशेच्या घरात आहेत. देशाच्या आकाराला ही संख्या तुटपुंजीच म्हणावी लागेल.

या केंद्रांची रचना समजून घ्यावी. प्रक्षेपकाची शक्ती अगदी बेताची, पन्नास वॅटच्या आसपास. आवाज सुमारे दहा किलोमीटरच्या टापूत ऐकू येतो. म्हणजे मांडवीच्या जवळपास खांब उभारला तर पाणीगेट, रावपुरा, सयाजीगंज, फत्तेगंज, वारसिया सारे कक्षेत आले. व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफा कमावणाऱ्या कंपनीला परवाना मिळत नाही. किमान तीन वर्षे लोकसेवा केलेल्या संस्थेला, विद्यापीठाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला मिळतो. निम्मे तरी कार्यक्रम त्या टापूतल्या लोकांनी, त्यांच्या बोलीत केलेले असले पाहिजेत. आणि एक मजेची अट अशी की, स्वतःच्या बातम्या द्यावयाच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढेच. लोकशाही देशात बातमीची इतकी धास्ती का, हे आम्हांस कधीच उमगलेले नाही. पण आजच्या विषयापुरते बोलायचे तर, कालच्या गोष्टीला बंदी आहे, शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीला नाही. इतिहासाला हे दार सताड उघडे आहे.

ते दार इतरांनी कसे वापरले? कच्छात १९९९ साली स्त्रियांच्या संघटनेने भुजच्या आकाशवाणीवर वेळ घेऊन कच्छी बोलीत एक मालिका सुरू केली. स्वतःचे केंद्र नसतानाही गावच्या बायकांची बोली सरकारी नभोवाणीवरून बोलली. तेलंगणातल्या माचनूर येथे २००८ च्या ऑक्टोबरात संगम रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्या दलित शेतकरी स्त्रिया बियाण्यांची नावे, पेरणीची गाणी, सणांच्या चाली सांगतात. विद्यापीठातल्या पंडितांना जी नावे ठाऊक नव्हती ती त्यांच्या ओठावर होती. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे त्याच वर्षी माणदेशी तरंग वाहिनी निघाली. दुष्काळी मुलूख, मेंढपाळांची वस्ती. तेथल्या गजीनृत्याला आणि ओव्यांना मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर कितीशी जागा मिळाली असती? या तीनही ठिकाणी गोष्ट एकच. यंत्र सामान्य होते. सांगणारी माणसे आपल्या अंगणातली होती, म्हणून लोकांनी कान दिला.

बडोद्याला तर याहून जुना वारसा आहे. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच खात्याची फिरती ग्रंथालये होती. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांत जात, परत येत, पुन्हा दुसऱ्या खेड्यात जात. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न त्या खात्याने त्या काळी स्वतःला विचारला होता. त्यासाठी त्याची एक वेगळी शाखा होती. जादूचा कंदील आणि चित्रपटाचे यंत्र घेऊन तिची माणसे खेडोपाडी फिरत आणि चित्रे दाखवून ज्ञान पोहोचवीत. अक्षर पोहोचत नाही तेथे चित्र न्यावे, हा विचार शंभर वर्षांपूर्वीच्या बडोद्याचा आहे. चित्राच्या जागी आवाज ठेवा, आणि आमची आजची सूचना तयार झाली. आम्ही नवे काही मागत नाही, बडोद्याला त्याचीच गोष्ट आठवून देतो.

आता पॉडकास्टविषयी. २००४ साली एका इंग्रज पत्रकाराने हा जोडशब्द केला. मराठीत त्याला कोणी ‘ध्वनिमालिका’ म्हणतात, पण लोक पॉडकास्टच म्हणतात, तेव्हा आम्हीही तेच म्हणू. त्याला परवाना लागत नाही, खांब लागत नाही. खिशातल्या मोबाइलवर आवाज टिपून तो महाजालावर ठेवला की झाले. ऐकणारा आपल्या सवडीने ऐकतो. दोहोंतला भेद हा की, नभोवाणी खंडेराव मार्केटात भाजीच्या ढिगामागे बसलेल्या बाईच्या कानी पडते, तिने मागितली नसली तरी. पॉडकास्ट मागितल्याशिवाय कोणाच्या कानी पडत नाही; पण मागणारा न्यू जर्सीत असला तरी त्याला मिळतो. बडोद्याची किती मुले आज सातासमुद्रापार आहेत, हे या सभेतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नभोवाणीने गाव एकत्र ऐकेल, पॉडकास्टने विखुरलेले गाव ऐकेल. एकाच ध्वनिमुद्रणाने दोन्ही कामे होतात. परवान्याला वर्ष-दोन वर्षे लागोत. तोवर पॉडकास्ट चालू द्यावा आणि खांब उभा राहिला की तोच संग्रह हवेत सोडावा. भुजच्या बायकांप्रमाणे आकाशवाणीच्या स्थानिक केंद्राकडे आठवड्याचा अर्धा तास मागावयासही काही हरकत नाही. न मागताच नकार गृहीत धरण्याची खोड आपल्या मराठी मंडळींना फार आहे.

हे काम करावे कसे, याविषयी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण उत्साहाने सुरू झालेली अशी कामे पद्धतीच्या अभावी बुडतात. न्यूयॉर्कच्या एका रेल्वे स्टेशनात २००३ साली काही लोकांनी एक लहानशी खोली थाटली. ओळखीची दोन माणसे आत जातात, चाळीस मिनिटे एकमेकांना प्रश्न विचारतात, आणि त्याची एक प्रत त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. विद्वान मुलाखतकार नाही. नात आजीला विचारते. बडोद्यात हे सहज होण्यासारखे आहे. मात्र नातीने आजीला ‘इतिहास सांग’ असे म्हणू नये. आजी गप्प बसेल. इतिहास म्हणजे आपल्या कामाचे नव्हे, असे तिला शाळेने शिकवले आहे. तिला विचारावे, लग्न होऊन आलीस तेव्हा पाणी कोठून भरीत होतीस? पहिला रेडिओ कोणाच्या घरी आला, पोस्टात त्याचा परवाना काढावा लागे तो कोणी काढला, ऐकावयास किती माणसे जमत? कोठीत नोकरीला असलेल्या सासऱ्यांची पगडी कोण बांधून देई? विठ्ठलनाथजींचा वरघोडा कार्तिकी एकादशीला मांडवीतून निघे तेव्हा तुम्ही कोणत्या ओट्यावर उभ्या राहत होता, आणि त्या ओट्यावर कोणाला उभे राहू दिले जात नव्हते? या शेवटच्या प्रश्नात पुष्कळ इतिहास आहे.

सांगणाऱ्याची भाषा मुळीच सुधारू नये. बडोद्याची मराठी पुण्याच्या कानाला गमतीची वाटते. गुजराती क्रियापदाला मराठी प्रत्यय, मध्येच संस्थानी दप्तरातला एखादा फारशी शब्द. ती अशुद्ध नाही, अडीचशे वर्षांच्या शेजाराची ती पावती आहे. या गावी रस्तोरस्ती मिळणाऱ्या सेव-उसळीचेच पाहा. शेव गुजरातची, उसळ आमची. एका ताटलीत कधी आणि कोणी आणली हे कोणी नोंदवलेले नाही, पण आज ती साऱ्या बडोद्याची झाली आहे. ज्या सरकारने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढून राज्यकारभाराच्या एकेका शब्दाला आठ भाषांतले पर्याय दिले, त्याच्या राजधानीत एकभाषी इतिहास सांगणे हास्यास्पद होईल. गुजराती शेजाऱ्याने गुजरातीत सांगावे, फाळणीनंतर वारसियात येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबाने सिंधीत सांगावे, मुसलमान गवयाच्या नातवाने त्याच्या उर्दूत सांगावे. मराठी मंडळांनी हे काम हाती घेतले तर ते मराठी मंडळांपुरते राहता कामा नये. ते तसे राहिले, तर ते चार भिंतींतले स्नेहसंमेलन होईल. नभोवाणीची गरज उरणार नाही.

आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हेही बजावून सांगितले पाहिजे. सरदेसायांनी आयुष्यभर बखर आणि दप्तर यांतला भेद महाराष्ट्राला शिकवला. पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड त्यांनी संपादिले ते याच निष्ठेने. माणूस ऐकलेले पाहिलेले म्हणून सांगतो, दोन वर्षांचा दुष्काळ एका वर्षात घालतो, आपल्या आजोबांना महाराजांच्या शेजारी बसवतो. आमच्या ऐकण्यात अशी निदान पंधरा घराणी असतील, ज्यांच्या पूर्वजाला महाराजांनी स्वतःची घड्याळे दिली! बडोद्यात सरकारी अभिलेखागार आहे, ग्रंथालय आहे, विद्यापीठात इतिहासाचा विभाग आहे. सांगितलेले तेथे जाऊन पडताळावे आणि पडताळा काय निघाला ते त्याच कार्यक्रमात सांगावे. दोन घरांची हकीकत जुळत नसेल तर दोन्ही ऐकवाव्यात. मात्र सांगणाऱ्याला खोटे पाडण्याचा उद्योग करू नये. ती सभ्यता नव्हे, आणि पुढचा माणूस तोंड उघडणार नाही.

संमतीचा प्रश्न नाजूक आहे. दंगलीत काय पाहिले, जातीमुळे काय सोसले, घरातल्या विधवेवर काय गुदरले, हे सांगणारे आजही याच गल्ल्यांत राहतात. त्यांनी सांगितलेले उद्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर वाजणार आहे. काय हवेत जावे, काय वीस वर्षे कुलुपात राहावे आणि काय नावाशिवाय जावे, हे त्यांना विचारून कागदावर घ्यावे. सही येत नसेल तर ध्वनिमुद्रणातच तोंडी घ्यावे. सांगून झाल्यावर मन बदलले तर तोही त्यांचा हक्क आहे.

आणि जपणूक. विश्वामित्रीने २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टात या गावाला काय दाखवले, ते तुम्ही आमच्याहून अधिक जाणता. कित्येक घरांच्या तळमजल्यावर ट्रंकांत ठेवलेले कागद, सनदा, लग्नपत्रिका, छायाचित्रे लगदा होऊन बाहेर पडली. वाडे तर पुराची वाटही पाहत नाहीत; एकेक करून बिल्डरच्या हाती जातात. भाऊ तांबेकरांचा वाडा पुरातत्त्व खात्याने रक्षिला म्हणून त्याची भित्तिचित्रे आज पाहता येतात. पण असा रक्षणकर्ता किती वाड्यांना मिळाला? ध्वनिमुद्रणाचा गुण हा की, त्याच्या हव्या तितक्या प्रती होतात. दोष हा की, ते मोबाइलच्या पोटात पडून राहते आणि मोबाइल बदलला की जाते. म्हणून एक प्रत मध्यवर्ती ग्रंथालयात, एक विद्यापीठात आणि एक गावाबाहेर, पुण्यात वा मुंबईत, असा दंडक पहिल्या दिवसापासून असावा. प्रत्येक मुद्रणासोबत सांगणाऱ्याचे नाव, तारीख, जागा आणि विचारणाऱ्याचे नाव एका साध्या वहीत लिहावे. महाजालावरच्या कंपन्यांवर विसंबू नये. त्या आज आहेत, उद्या आपले दुकान बंद करतील.

पैशाचे काय, असा प्रश्न सभेत येणारच, म्हणून उत्तर आधीच देतो. पॉडकास्टला लागणारा खर्च एका गणेशोत्सवाच्या मांडवाच्या रोषणाईपेक्षा कमी आहे. नभोवाणी केंद्राला मात्र लाखांत रक्कम लागते, आणि नंतर दरमहा वीज, दुरुस्ती, दोन-चार माणसांचा पगार. पुष्कळ केंद्रे उद्‌घाटनानंतर दोन वर्षांत मुकी झाली आहेत, ती याच कारणाने. सबब आमचे मत असे की, प्रथम शंभर ध्वनिमुद्रणे करावीत आणि मगच परवान्याचा अर्ज लिहावा. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे शंभर तास नाहीत त्याने खांब उभारू नये. या गावाची वस्ती २०११ च्या गणनेत १६ लाखांहून अधिक होती. त्यात ऐंशी ओलांडलेली शंभर बोलकी माणसे सापडणार नाहीत काय?

कार्तिकी एकादशीला अजून अवकाश आहे. त्या दिवशी मांडवीत जो समुदाय जमेल त्यात नव्वदीची माणसेही असतात, नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून आलेली. तोपर्यंत प्रत्येक मोहल्ल्यातून दोन तरुण, एक मराठी आणि एक गुजराती, असे जोडीने निवडावेत. खोलीतला पंखा बंद करून, खिडकी लोटून, मोबाइल उशीवर ठेवून आवाज स्वच्छ कसा येतो, हे त्यांनी आपापल्या घरी आजोबांवर अजमावून पाहावे. ज्यांच्या घरी आजोबा नाहीत त्यांनी शेजारच्यांचे घ्यावेत. नावनोंदणीची वही सभेच्या दाराशी ठेवली आहे.